बोनेअर: पहिले दहा मीटर

किनाऱ्यावरून स्कूबा करायचं म्हटलं की जगभरचे डायव्हर बोनेअरचं नाव घेतात. कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण कडेला, व्हेनेझुएलापासून साधारण 80 किलोमीटरवर असलेलं, 288 चौरस किलोमीटरचं हे बेट. कारभार नेदरलँड्सचा, चलन अमेरिकन डॉलर. वर्षातला बहुतेक काळ वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा आपटत असतात आणि पश्चिम किनारा आडोशाला शांत पडलेला असतो. त्या पश्चिम रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात. एकेका दगडावर डायव्हच्या जागेचं नाव असतं. तिथे गाडी लावायची, टाकी पाठीवर घ्यायची आणि चालत पाण्यात शिरायचं. ना बोट, ना बोटीचं वेळापत्रक.

हे इतकं सोपं असल्यामुळे लोकांना घाई होते. सगळ्यांची नजर कड्यावर असते, म्हणजे उथळ पठार संपून प्रवाळाचा उतार सुरू होतो त्या रेषेवर. किनारा आणि कडा यांच्यामधलं पाणी भराभर कापायचं अंतर समजलं जातं. घोटे मुरगळतात ते इथेच, मास्क हरवतात ते इथेच, आणि बेटावरचे सर्वांत बघण्यासारखे प्राणी राहतात तेही इथेच. म्हणून मी पहिल्या दहा मीटर खोलीबद्दलच सविस्तर लिहिणार आहे. खालच्या तीस मीटरांबद्दल माहिती सगळीकडे मिळते.

आधी जमिनीचा आकार समजून घ्या. किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी जुन्या प्रवाळाचा, चुनखडीचा धारदार कातळ आहे. पाण्यात पाऊल टाकलं की गोलसर दगड आणि मेलेल्या शिंगप्रवाळाच्या काड्या लागतात, त्यांच्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो. पुढे वाळूचं पठार हळूहळू उतरत जातं, त्यावर पंख्यासारखे आणि चाबकासारखे मऊ प्रवाळ डुलत असतात. बहुतेक ठिकाणी शे-दीडशे मीटरच्या आत, 8 ते 12 मीटर खोलीवर कडा येतो. तिथून प्रवाळाचा उतार तिरका खाली जातो आणि पुन्हा वाळूला मिळतो. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर, पाणी 26 ते 29 अंश सेल्सिअस, आणि चांगल्या दिवशी तीस मीटरपर्यंतचं दिसतं.

पाण्यात उतरण्यापूर्वी सागरी उद्यानाचं शुल्क भरावं लागतं. परदेशी पाहुण्यांना ते वर्षाला 40 डॉलर पडतं. त्यानंतर नियम समजावून सांगतात आणि एक ओळखीची डायव्ह करायला लावतात. ती टाळण्याचा प्रयत्न करू नका; अंगावर बांधायच्या शिशाचं वजन तपासायला याहून चांगली संधी मिळत नाही. उद्यान 1979 पासून आहे आणि भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंत बोनेअर आणि समोरचं छोटं क्लाइन बोनेअर, दोन्ही बेटांभोवतीचा सगळा समुद्र त्यात येतो. प्रवाळावर नांगर टाकायला बंदी, भाल्याने मासे मारायला बंदी आणि हातमोजे घालायलाही बंदी. हातमोज्यांची बंदी नव्या माणसाला जाचक वाटते, पण तिच्यामागचं कारण पक्कं आहे. मोजा असला की हात आपोआप आधार शोधतो. उघडा हात शरीराजवळ राहतो.

आता मुख्य गोष्ट. डायव्हची आखणी शेवटाकडून सुरू करा. किनाऱ्यावर उभं राहून पहिला प्रश्न विचारायचा, "बाहेर कुठून येणार?" आत शिरताना टाकी भरलेली असते, पाय ताजे असतात, लाटा समोरून दिसत असतात. बाहेर येताना माणूस थकलेला, पाठीवरचं वजन अचानक जाणवणारं आणि लाट पाठीमागून येणारी. म्हणून कातळातली वाळूची खाच, उतरता दगड, पायऱ्या, जे काही असेल ते आधी हेरून ठेवा. दहा मिनिटं नुसतं पाण्याकडे बघा. लाटा गटागटाने येतात. मोठ्या लाटांचा गट गेला की थोडी उसंत मिळते. ती उसंत किती वेळाची आहे ते मोजा. आत जाताना आणि बाहेर येताना तीच वापरायची असते. वारा फिरून पश्चिमेकडून आला असेल तर डायव्ह सोडून द्या. असे दिवस विशेषतः ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येतात, आणि त्या दिवशी शांत किनारा उरतच नाही.

मग पाण्याची ओढ. इथे ती किनाऱ्याला समांतर असते, कधी उत्तरेकडे, कधी दक्षिणेकडे. आदल्या दिवशी जिकडे होती तिकडेच आज असेल असं धरून चालू नका. मऊ प्रवाळ कुठल्या बाजूला कलले आहेत, मासे कुणीकडे तोंड करून तरंगताहेत, बोटी बांधायच्या बोयाचा दोर कुणीकडे ताणला गेलाय, हे बघा. सुरुवात नेहमी ओढीविरुद्ध करायची, म्हणजे थकल्यावर पाणीच परत आणून सोडतं.

हवेचा हिशोब कागदावर करून बघा, डोक्यात पक्का बसतो. तिथे सर्रास मिळणारी ॲल्युमिनियमची टाकी सुमारे 11 लिटरची, 200 बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेली. 50 बार राखीव ठेवले तर वापरायला 150 बार, म्हणजे 1,650 लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्या माणसाला 20 मीटरवर, दाब तिप्पट असल्यामुळे, तिप्पट, म्हणजे 60 लिटर लागतात. हवा 27 मिनिटांत संपते. 10 मीटरवर 40 लिटर, म्हणजे 41 मिनिटं. 5 मीटरवर 30 लिटर, म्हणजे 55 मिनिटं. उथळ राहिलं की वेळ दुपटीने वाढतो तो असा. परतायचा आकडा मी 130 बार सांगेन. जाताना 70 गेले, येताना तेवढेच लागले तरी किनाऱ्याजवळ 60 उरतात. दोघांपैकी ज्याची हवा आधी 130 वर येईल त्याच्या आकड्यावर दोघांनी वळायचं.

32 टक्के नायट्रॉक्स, म्हणजे 32 टक्के ऑक्सिजन आणि नेहमीपेक्षा कमी नायट्रोजन असलेली हवा, बेटावर सहज मिळतं. दिवसाला तीन-चार डायव्ह करणाऱ्याने ते घ्यावं, कारण प्रत्येक डायव्हमधला नायट्रोजन अंगात साठत जातो. टाकीतला ऑक्सिजन स्वतः मोजा, आकडा टाकीवर लिहा, डायव्हच्या संगणकात घाला. ऑक्सिजनच्या दाबाच्या 1.4 बारच्या मर्यादेने 32 टक्क्यांची कमाल खोली 34 मीटरच्या जरा अलीकडे येते.

सामानात तीन गोष्टी बोटीवरच्या डायव्हपेक्षा वेगळ्या लागतात. एक, जाड आणि कडक तळव्याचे बूट. पातळ मोज्यांसारखे बूट या दगडांवर निकामी ठरतात. दोन, मागून उघडी, पट्ट्याची फिन्स (पोहताना पायात घालायचे पंख), कारण ती कमरेइतक्या पाण्यात उभ्याने चढवायची आणि काढायची असतात. तीन, होकायंत्र. किनाऱ्यावरूनच समुद्राकडची दिशा बघा आणि परतीचा आकडा मनाशी म्हणा. कड्यावर पोचलात की तिथली खूण लक्षात ठेवा: बोयाचा काँक्रीटचा ठोकळा, मोठा स्पंज, एखादी वाळूची गल्ली. कड्याची रेषा किलोमीटरभर सारखीच दिसते, परतताना आपली खाच ओलांडून पुढे जाणं अगदी सोपं असतं. खूण आणि खोली दोन्ही लक्षात असतील तर असं होत नाही.

गाडीबद्दल एकच: आत काहीही ठेवू नका, काचा उतरवून आणि दारं उघडी सोडून जा. किनाऱ्यावर उभ्या गाड्यांतून चोऱ्या होतात, आणि बंद काच फोडली गेली की नुकसान वाढतं.

वजन. टाकीतली हवा वापरली जाते तशी टाकी जवळपास दोन किलोंनी हलकी होते. वर येताना पाण्याचा दाब कमी झाल्यामुळे अंगावरचा रबरी वेटसूटही फुगतो. म्हणून डायव्हच्या सुरुवातीला बरोबर वाटलेलं वजन शेवटी, चार मीटर पाण्यात, कमी पडतं आणि माणूस बुचासारखा वर येतो. चाचणी शेवटी करायची. 50 बार उरलेत, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) रिकामं आहे, खोली 3 ते 5 मीटर आहे आणि नेहमीच्या श्वासावर शरीर जागच्या जागी राहतंय, म्हणजे वजन बरोबर. उगाच जादा शिसं बांधू नका. जड माणसाचे पाय खाली लोंबतात आणि त्याच्या फिन्स प्रवाळ मोडत जातात.

आत शिरताना: सगळी तपासणी जमिनीवर झालेली असावी. बीसीडी अर्धं फुगवलेलं, मास्क डोळ्यांवर, टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात, फिन्स हातात. हे सगळं पाण्याला पाय लावण्याआधी. पाय उचलून टाकू नका, घसटत पुढे सरकवा. त्याने दगडांमधला खड्डा आधी कळतो आणि वाळूत दडलेलं पाकट बाजूला होतं. लाट येताना गुडघे वाकवून थांबायचं, गेली की दोन पावलं. जोडीदार हाताच्या अंतरावर असावा. कमरेइतकं पाणी लागलं की आडवे व्हा आणि तरंगत फिन्स चढवा. गुडघाभर पाण्यात उभं राहून एका पायावर फिन चढवणारा माणूस बहुतेक वेळा पडतोच, आणि हात टेकतो तो नेमका अर्चिनवर, काटेरी गोळ्यासारख्या समुद्रप्राण्यावर. अर्चिनचे काटे ठिसूळ असतात, कातडीत मोडून राहतात. विंचूमासाही याच दगडांत, दगडासारखाच बसलेला असतो. त्याचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम, पण 45 अंशांपेक्षा जास्त नाही अशा पाण्यात तो भाग 30 ते 90 मिनिटं बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. मोहरीच्या रंगाच्या, पांढऱ्या टोकांच्या अग्निप्रवाळाला अंग लागलं तर गोडं पाणी लावू नका, न फुटलेल्या दंशपेशीही त्याने फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग व्हिनेगर लावा.

एवढं झालं की घाई संपली. आता 3 ते 8 मीटरवर रेंगाळा.

दगडांवर आणि बोयांच्या ठोकळ्यांवर जांभळे डाग दिसतील, तळहाताएवढे, बारीक दाण्यांचे. ती सार्जंट मेजर माशाची अंडी. नर त्यांची राखण करतो. एरवी पिवळट पट्ट्यांचा हा मासा त्या काळात गडद निळा पडतो आणि तुमच्या मास्कवर धावून येतो. मागे व्हा. तुम्ही त्याला हुसकावून लावलं की आसपास टपलेले मासे क्षणात अंडी फस्त करतात.

वाळूत एखादा तुकडा सरकल्यासारखा वाटला तर तो मोरलेप, निळ्या कड्यांच्या ठिपक्यांचा चपटा मासा. जागा बदलताना रंगही बदलत जातो. वाळूतल्या दगडांनी मढवलेल्या बिळांवर पिवळ्या डोक्याचा, बोटाएवढा जॉफिश उभा तरंगतो. दोन-तीन मिनिटं हललात नाही तर तो परत वर येतो, आणि काळजीपूर्वक बघितलं तर एखाद्याच्या तोंडात अंड्यांचा पुंजका दिसतो. अंडी तोंडात सांभाळण्याचं काम नराचं. कड्याच्या अलीकडच्या वाळूत बागवामांचे, म्हणजे सापासारख्या बारीक माशांचे, ताटवे असतात, शेपटी बिळात आणि अर्धं शरीर बाहेर. जवळ गेलात की सगळा ताटवा एकेक करून वाळूत मिटतो.

मऊ प्रवाळांकडे प्रत्येकी एक मिनिट तरी द्या. ट्रम्पेटफिश त्यांच्या फांद्यांमध्ये उभा, डोकं खाली करून लपतो. कधी मोठ्या पोपटमाशाच्या पाठीला चिकटून त्याच्या आडोशाने शिकार करतो. फांदीवर केशरी ठिपक्यांची गोगलगाय दिसेल, तिला फ्लेमिंगो टंग म्हणतात. ते ठिपके शंखाचे नाहीत. शंखावर पसरलेल्या जिवंत कातडीचे आहेत, शंख स्वतः फिकट आणि साधा असतो. सुंदर म्हणून उचलून नेणाऱ्याच्या हाती ते ठिपके कधीच राहत नाहीत. स्क्रूसारख्या पीळदार शुंडांच्या समुद्रफुलात बारीक, पारदर्शक, जांभळ्या ठिपक्यांच्या कोळंब्या असतात. त्या मिशा हलवून गिऱ्हाईक बोलावतात, माशांच्या अंगावरचे परजीवी खुडून खातात.

आणि पोपटमासे. पाण्यात जवळच ऐकू येणारा खरवडण्याचा करकर आवाज यांच्या चोचीचा. खडकावरचं शेवाळ खरवडताना ते चुनखडीही गिळतात आणि ती वाळू होऊन बाहेर पडते. हे काम किती महत्त्वाचं आहे ते अर्चिन गेल्यावर कळलं. लांब काळ्या काट्यांचा डायाडेमा अर्चिन कॅरिबियनभर शेवाळ खाऊन प्रवाळाच्या पिल्लांना बसायला जागा मोकळी करायचा. 1983-84 मध्ये एका साथीत तो जवळपास सगळीकडून नाहीसा झाला. कुठे कुठे परत येत होता, तोच 2022 मध्ये पुन्हा साथ आली. त्या वेळी एका सूक्ष्म एकपेशीय जीवाचा हात असल्याचं संशोधकांनी दाखवलं. मधल्या काळात खडक खरवडण्याचं ओझं पोपटमाशांवर पडलं. बोनेअरमध्ये त्यांना पकडायला बंदी आहे, आणि मला तो बेटावरचा सर्वांत शहाणा नियम वाटतो.

पठारावर मेलेल्या शिंगप्रवाळाचे ढीग का, हेही इथेच समजतं. 1980 च्या सुमारास पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने कॅरिबियनभर शिंगप्रवाळ मारला. नोव्हेंबर 1999 मध्ये लेनी चक्रीवादळ नेहमीच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकलं आणि त्याच्या लाटा थेट या शांत बाजूवर आदळल्या. आता काही जागी पाण्यात प्लॅस्टिकच्या नळ्यांची झाडं उभी दिसतील, त्यांना प्रवाळाचे तुकडे टांगलेले असतात. ती रोपवाटिका. फिन्सच्या झोताने तुकडे एकमेकांवर आपटतात, म्हणून चार हात लांबून बघा.

रात्री हेच उथळ पाणी वेगळं होतं. पोपटमासे अंगाभोवती पारदर्शक चिकट कोश विणून झोपतात, ऑक्टोपस बाहेर पडतो, शेवंड फिरायला लागतात. माणसाएवढे चंदेरी टार्पन तुमच्या टॉर्चच्या उजेडात शिकार साधतात. ज्या माशावर प्रकाश रोखाल तो खाल्ला जाण्याची शक्यता असते, तेव्हा झोत वाळूवर ठेवा.

एक गोष्ट मात्र टॉर्च विझवूनच दिसते. पौर्णिमेनंतर दोन ते पाच रात्री, सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने, मऊ प्रवाळांच्या वर निळे ठिपके एकाखाली एक उमटायला लागतात, मोत्यांच्या सरीसारखे. ते ऑस्ट्राकॉड, तिळाएवढे कवचधारी. नर माद्यांना बोलावण्यासाठी चमकणारा स्राव ठिपक्याठिपक्याने सोडत पोहतो. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्तालाच उगवतो आणि पुढे रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा, म्हणून नेमका या रात्रींत सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये पुरेसा अंधार सापडतो. 4-5 मीटरवर स्थिर तरंगा आणि डोळे सरावू द्या. कॅमेऱ्याचा पडदाही झाका. इतकं करूनही दिसलं नाही तर बहुधा जवळच कुणीतरी टॉर्च लावलेली असते.

खोल आणि प्रसिद्ध जागांबद्दल थोडक्यात. हिल्मा हूकर हे 72 मीटरचं मालवाहू जहाज 1984 मध्ये बुडालं, सुमारे 30 मीटरवर उजव्या कुशीवर पडलंय. हवा आणि वेळ दोन्ही भराभर संपतात, दिवसाची पहिली डायव्ह इथे करा. सॉल्ट पिअर हा मिठाचा चालू धक्का आहे, जहाज लागलेलं असताना तिथे उतरायला मनाई असते. थाउजंड स्टेप्सला पायऱ्या खऱ्या सत्तरच्या आसपास. टाकीसह चढताना मध्ये थांबा, डायव्हनंतर लगेच दमछाक चांगली नाही. सिंहमासा कुठेही दिसेल. तो इंडो-पॅसिफिकमधला परका, बोनेअरला 2009 मध्ये पहिल्यांदा आढळला. त्याचे काटे विषारी असतात, आणि त्याला मारायची परवानगी फक्त प्रशिक्षण घेतलेल्यांना आहे.

परतताना अंगातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घ्यायचा 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा पठारावरच होतो, तो दहा मिनिटांचा करा. हवा असेल तर तोट्याचं काहीच नाही. मग छातीइतक्या पाण्यात पृष्ठभागावर या, समुद्राकडे तोंड करा, लाटांचा मोठा गट जाऊ द्या. मास्क आणि रेग्युलेटर जागच्या जागी. कपाळावर चढवलेला मास्क पहिल्याच लाटेत जातो. उसंत मिळाली की फिन्स काढून मनगटात अडकवा आणि किनाऱ्याकडे सरका. पाय ठरत नसतील तर हातापायांवर रांगत या, तसं येणारा माणूस सहसा दुखावत नाही. खाच चुकली असेल तर कातळावर चढायचा प्रयत्न करू नका. बीसीडी फुगवून पाठीवर पोहत योग्य जागी जा. राखीव ठेवलेली हवा आणि ताकद यासाठीच असते.

बाहेर आल्यावर सामान धुण्याचं काम आता नुसत्या टापटिपीचं राहिलेलं नाही. कठीण प्रवाळाच्या पेशी झडवणारा रोग 2014 मध्ये फ्लोरिडात पहिल्यांदा दिसला आणि मार्च 2023 मध्ये बोनेअरला पोचला. मेंदूप्रवाळ आणि खांबप्रवाळ यांना तो आठवड्यांत संपवतो. जिवंत रंगाच्या कडेने पांढराशुभ्र सांगाडा उघडा पडत जातो, तो ओळखायला शिका. निरोगी जागेची डायव्ह आधी करा, रोगट जागेची दिवसाच्या शेवटी. दोन जागांच्या मध्ये वेटसूट, बूट आणि बीसीडीच्या आतलं पाणीसुद्धा काढून टाका, कारण बीसीडीच्या हवेच्या पिशवीत मागच्या जागेचं पाणी राहतं. दिवसअखेर उद्यानाने सांगितलेल्या जंतुनाशकात सामान बुडवून गोड्या पाण्याने खळबळा, आणि ते धुण्याचं पाणी समुद्रात ओतू नका.